हलणारा दात

मी नुसता गाडी चालवतो.
आधी चाळीस वर्षं शाळेची बस,
आता महिन्यातून दोन शनिवार
चॅपलने दिलेल्या डिझेलवर
पोरांना त्यांच्या आईबापाकडे नेतो.

आमच्या अख्ख्या वेल्समध्ये बायकांसाठी तुरुंग नाही.
याचा अभिमान धरावा की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.
म्हणून हेलेद सीमेपलीकडे, इंग्लंडात.
बेथेस्डाहून जायला अडीच तास,
यायला त्याहून जास्त,
रस्ता तोच असला तरी.

मागच्या सीटवर नेस्तामावशी, गुटो आणि मबली.
गुटो अकराचा. शाळेत विचारलं तर सांगतो,
आई जहाजावर कामाला आहे.
कुठल्या बंदरात, तेही त्याने ठरवून ठेवलंय.
मबली सहाची. तिचा दात हलतोय.
तीन आठवडे ती एका बाजूने जेवतेय,
सफरचंद बंद, टोस्टच्या कडा बंद,
दोऱ्याचं नाव काढलं की ओठ घट्ट.
दात आईच काढणार.
भेटीची तारीख ठरलेली होती
आणि दातालाही ती पाळायला लावलेली होती.

दारात खिसे उलटे करायचे, बूट काढायचे, जीभ वर करायची.
कुत्रा येऊन हुंगून जातो.
त्याला हात लावायचा नाही,
म्हणून गुटो त्याच्याशी हळूच वेल्शमध्ये बोलतो.
फोन, किल्ल्या, मबलीने काढलेलं मेंढीचं चित्र,
सगळं लॉकरमध्ये, एक पौंड घातला तरच बंद होणाऱ्या.
आत काही न्यायचं नाही, आतून काही आणायचं नाही.

मी बाहेर थांबतो, चहाच्या किटलीपाशी.
पुढचं नेस्ताने सांगितलं, परतताना,
पोरांचा डोळा लागल्यावर.

हेलेद नारिंगी बंडीत, जमिनीला ठोकलेल्या खुर्चीवर.
मिठी एकदा येताना, एकदा जाताना,
मधला सगळा वेळ टेबलाचा.
पहिली दहा मिनिटं कुणालाच काही सुचेना.
शेजाऱ्यांची मेंढी कुंपणात अडकली, गुटो म्हणाला.
हेलेद हसली, जरा जास्तच.
मग मबलीने आ केला.

आईने बोटं बंडीला पुसली.
तीनपर्यंत मोज, म्हणाली.
ईन, डाय...
आया दोनवरच काढतात.
टेबलावर रक्ताचा ठिपका,
तळहातावर तांदळाएवढं काहीतरी,
आणि डोक्याशी पहाऱ्यावरच्या थ्रेलफॉलबाई:
काय दिलं? काय घेतलं?

हेलेदने मूठ उघडली.
नियम दोन्हीकडून अडला.
बाहेरची वस्तू आत राहू नये, आतली बाहेर जाऊ नये,
पण आत येताना हा दात वस्तू नव्हता,
मबली होता.

घेऊन जा, उशीखाली ठेव, हेलेद म्हणाली.
मबली मान हलवत राहिली, नाही, नाही.
तेव्हा गुटो उठला,
हॉलभर ऐकू जाईल अशा इंग्रजीत म्हणाला,
ती आमची आई आहे. तिच्याकडे राहू द्या.

थ्रेलफॉलबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. वही काढली.
लिहिलं: दात, दुधाचा, एक.
प्लास्टिकच्या पाकिटात घातला, वर हेलेदचा नंबर.
तिची अंगठी, पट्टा, बंद पडलेला फोन
ज्या खोक्यात आहेत, त्यात हाही.
सुटकेच्या दिवशी सही करून परत मिळेल.

लॉकरमधलं नाणं गुटोने काढून घेतलं होतं.
आरशात मी पाहिलं,
झोपलेल्या मबलीच्या मुठीत तो ते सरकवत होता
आणि ती मूठ काही उघडत नव्हती.

पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा ती जागी झाली.
जिभेने रिकामी जागा चाचपली, मग शेजारची.
हाही हलतोय, म्हणाली.

पुढचा शनिवार चौदा दिवसांनी आहे.
मी म्हटलं, टिकेल.